परसातलं चिपटं

नळाची चारी खांदताना परसात लोखंडाचं एक डबडं निघालं. गंजलेलं, बिनकानाचं, पेल्याएवढं. नातू म्हणाला, झाडाची कुंडी असंल. सून म्हणाली, दिव्याचं बूड. देवळीत आईच्या वेळचा शेर होता. डबड्यानं बाजरी मोजून त्यात ओतली. चौथ्यांदा ओतली अन् शेर काठोकाठ भरला. तवा ओळख पटली, हे चिपटं.

दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शाळेची पायरी न चढलेल्या बायांना हे तोंडपाठ असायचं. मोजताना पहिल्या मापाला 'एक' नव्हे, 'लाभ' म्हणायचे.

आमचा वैजापूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, गोदावरीपलीकडं इंग्रजांचा मुलूख. शेर दोन्हीकडं, पण त्याचं माप जागोजागी निराळं. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, मग हळूहळू किलो अन् लिटर आले.

खरी मेख मात्र शिगेत होती. आई सांगायची, पावसाळ्यात सावकार ज्वारी द्यायचा ती मापावरून हात फिरवून, सपाट. सुगीला परत घ्यायचा ती शीग लावून. वर सवाई निराळी. वहीत मापं लिहिलेली असायची, शीग कुठंच नाही. शेजारीण चिपटंभर पीठ उसनं न्यायची, तीही फेडताना शीग लावायची, पण न मागता, आपल्या मनानं.

माप तेच. त्यावर हात कुणाचा, एवढाच फरक.