मोजपट्टी कोणाच्या हातात?

पैठणच्या खुल्या कारागृहात कैदी शेतात राबतात, उंच भिंती नाहीत. पण भिंत नसली तरी नोंद सुटत नाही. कैद्याच्या शरीराची नोंद ठेवण्याचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

1879 साली पॅरिस पोलिसांतील कारकून आल्फोन्स बर्तिलाँ याने डोके, मधले बोट, डावे पाऊल मोजून जुने गुन्हेगार ओळखण्याची पद्धत काढली. 1890 च्या दशकात बंगाल पोलिसांनी ती उचलली. मापे घेताना चुका होत, म्हणून 1897 साली सरकारने बोटांचे ठसे स्वीकारले. ठशांच्या वर्गीकरणात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस राबले. पद्धतीला नाव लागले साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे.

त्याच काळात हर्बर्ट रिस्ले नाके मोजून जातींची उतरंड वंशावर उभी असल्याचे सांगत होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले.

बाबासाहेबांनी हीच मोजपट्टी उलटी फिरवली. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांवरूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही, हे विरोधकांच्याच आकड्यांनी सिद्ध झाले!

गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी द्यावा लागला.

आता 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे. ठसे, डोळ्यांचे स्कॅन, जैविक नमुने, सही, हस्ताक्षर. नोंद 75 वर्षे. कोणी म्हणेल, गुन्हेगार ओळखायला नको का? हवाच. पण या कायद्यात शिक्षा झालेल्याबरोबर नुसता अटक झालेलाही येतो. मोर्चातून उचललेला आपला पोरगा त्यातच आला.

म्हणून दोन गोष्टी पाठ करा. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि सात वर्षे वा जास्त शिक्षेचा नसेल, तर अटक झालेल्यावर जैविक नमुना देण्याची सक्ती नाही. आणि आधी शिक्षा झालेली नसेल, तर निर्दोष सुटल्यावर, अपिलाचे मार्ग संपल्यावर नोंद नष्ट व्हायला हवी. दंडाधिकाऱ्याने लेखी कारण देऊन ती ठेवायला सांगितली तरच राहते. सुटकेचा कागद घेऊन घरी बसू नका, वकिलामार्फत नोंद पुसल्याची खात्री करा.

बाबासाहेबांनी आकडे वाचले, म्हणून ते उलटवता आले. आपण निदान कायदा तरी वाचू.

जयभीम!