शलाकेपासून साखरेपर्यंत

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे: जवाच्या टोकासारखी शलाका डोळ्यात घालायची, गढूळलेला भाग बाजूला सारायचा, वर तूप लावून कापडाची पट्टी बांधायची. भिंग निघत नसे, नुसतं सरके. तेवढ्यानेही अंधुक का होईना, दिसू लागे!

मधुमेहाचं वर्णनही याच ग्रंथात आहे. दोन्ही दुखण्यांचा धागा उलगडला मात्र विसाव्या शतकात. १९५९ साली ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांना साखरेने मोतीबिंदू झालेल्या उंदरांच्या भिंगात सॉर्बिटॉलसारखी द्रव्यं सापडली. जादा साखरेपासून बनणारं सॉर्बिटॉल पाणी ओढतं नि भिंग फुगून गढूळतं.

मोतीबिंदूला साखरच लागते असं नाही: पुढच्याच वर्षी संधिवाताच्या रुग्णांत स्टिरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू नोंदला गेला. दुखणं एक, औषधाचा भुर्दंड डोळ्यांना!

मधुमेह्यांनी स्वच्छ दिसत असलं तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेतच.