गजकर्णावरील बाह्य औषधे
गजकर्णावरील बाह्य औषधे : गजकर्ण (नायटा) हा त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या कवकांमुळे होणारा सांसर्गिक रोग होय. त्यावर टाकळ्याचे बी वाटून लावण्याची जुनी रीत आहे. टाकळ्याचे ‘चक्रमर्द’ हे संस्कृत नाव याच उपयोगाचे निदर्शक मानतात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पूड’ हे चूर्ण गजकर्णावर प्रसिद्ध होते. ते मूळचे ब्राझीलमधील आरारोबा वृक्षाच्या खोडातील असून पोर्तुगीज व्यापारामार्गे गोव्यात येते, हे १८७५ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यातील क्रायसारोबिन गुणकारी असले, तरी त्वचेचा दाह करी व कपड्यांवर डाग पाडी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आर्थर व्हिटफील्ड यांनी ६% बेंझॉइक व ३% सॅलिसिलिक अम्लाचे मलम रूढ केले. आयोडीन, जेंशियन व्हायोलेट इ. पूतिरोधकेही वापरात होती. ग्रिझिओफुल्व्हिन (१९५८ पासून पोटातून) व नंतरची टर्बिनाफीनसारखी औषधे आल्यावर ही जुनी द्रव्ये मागे पडली.

टर्बिनाफीन कवकातील स्क्वालीन इपॉक्सिडेज या एकाच एंझाइमास रोधते. त्या एंझाइमाच्या जीनमध्ये उत्परिवर्तन झाल्यास औषध निष्प्रभ ठरते. भारतात असे प्रतिरोधी वाण पसरल्याचे २०१८ पर्यंत दिसून आले; संबंधित कवकास २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या अनिर्बंध वापराने रोग दबतो, पण बरा होत नाही आणि चिघळतो.

आयोडीन कोशिकेतील अनेक घटकांवर एकाच वेळी आघात करीत असल्याने एका उत्परिवर्तनाने कवकास त्यातून निभावता येत नाही. म्हणून पूतिरोधकांची पुन्हा तपासणी होऊ लागली. तथापि काचपात्रात कवक मरणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे. द्रव्य त्वचेच्या शृंगी थरात पोहोचते का, तेथे पुरेसा काळ टिकते का आणि दाह करते का, हे रुग्णांवरील तौलनिक चाचण्यांनीच ठरते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार वर्षातील कित्येक महिने कारखान्यांच्या परिसरात कोप्यांतून राहतात. घाम, पाण्याची टंचाई, दाटीची वस्ती व सामाईक कपडे ही संसर्गास पोषक परिस्थिती होय. अशा ठिकाणी स्वस्त व प्रतिरोधास सहज बळी न पडणारे बाह्य औषध उपयुक्त ठरेल. मात्र घरातील सर्व रुग्णांवर एकाच वेळी पूर्ण मुदतीचा उपचार न केल्यास पुनःसंसर्ग टळत नाही.