पिवळ्या पायांची कुळकथा

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती पोलादाची नगरी. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून तेथील कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आश्रयाने नाना प्रांतांची माणसे तेथे येऊन वसली; त्यांत मराठी कुटुंबेही होती. या नगरीच्या वैशाली नगर भागात सकाळी बाजाराला निघालेल्या गृहस्थाला खुराड्यात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर त्यात त्याला नवल वाटणार नाही. कोंबडीचे पाय पिवळे असायचेच, अशी सर्वांचीच समजूत. परंतु याच पिवळ्या रंगाने प्राणिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकले होते. आणि ज्या दोन रानपाखरांपाशी त्या कोड्याचे उत्तर होते, त्यांच्या राज्यांची सीमा मध्य भारतातूनच जाते.

ही दोन पाखरे म्हणजे तांबडा रानकोंबडा आणि राखी रानकोंबडा. पहिला हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेस थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला. दुसरा केवळ भारताचा, सह्याद्री आणि दक्षिणेकडील रानांचा रहिवासी. तांबड्याची बांग गावातल्या कोंबड्यासारखीच, फक्त शेवटी तुटलेली. राख्याची ओरड अगदी निराळी, तुटक आणि खरखरीत. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. दोघांच्या वंशांची फारकत पंचवीस ते तीस लक्ष वर्षांपूर्वी झाली, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे. तरीही सातपुड्यात पचमढीच्या आसपास आणि पूर्वेस गोदावरीच्या खोऱ्याकडे ही दोन्ही राज्ये एकमेकांस भिडतात.

या सीमेकडे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या निरीक्षकांत कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा वनाधिकारी होता. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात सालवृक्षांचे एक एकाकी रान आहे. सभोवार मात्र सागाचा अंमल. त्या एवढ्याशा सालवनात त्याला बाराशिंगा आढळला आणि तांबडा रानकोंबडाही आढळला. ढोबळ मानाने सालाबरोबर तांबडा आणि सागाबरोबर राखी, असा हा हिशेब. झाडांच्या सीमेने पाखरांचीही सीमा आखून दिली होती.

मग गावातली कोंबडी यांपैकी कोणाची लेक? चार्ल्स डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात याचा निवाडा केला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात अनेक वर्षे काम केलेल्या एडवर्ड ब्लाइथ यांच्या माहितीचा त्याला मोठा आधार होता. डार्विनचे म्हणणे असे की, पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष एकटा तांबडा रानकोंबडा. राख्याचा पाळीव कोंबडीशी संकर होतो खरा, पण ती संतती बहुतांशी वांझ निपजते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात अशा संकरजांपासून सुमारे ५०० अंडी मिळाली. त्यांतून अवघी १२ पिले वाढली. एवढ्या अरुंद वाटेने वंश कसा चालावा?

युक्तिवाद भक्कम होता. एक गोष्ट मात्र त्यात बसेना. तांबड्या रानकोंबड्याचे पाय पाटीच्या दगडासारखे करडे असतात. मग पिवळे पाय आले कोठून? विल्यम बेटसन याने १९०२ साली एवढे दाखवून दिले की, कातडीचा पिवळा रंग मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो आणि तो अप्रभावी गुण आहे. म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच प्रकटतो. त्याचे उगमस्थान मात्र अंधारातच राहिले.

ते उजेडात आले २००८ साली. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या रंगाचे जनुक शोधून काढले. कोंबडीच्या खाण्यातील पिवळ्या द्रव्याचे विघटन करणारे एक विकर या जनुकामुळे तयार होते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत ते कातडीपुरते मंदावलेले असते. म्हणून रंग तेथे साचून राहतो. या जनुकाचा पिवळा प्रकार तांबड्या रानकोंबड्याशी जुळेना. तो जुळला राख्याशी. राखी रानकोंबडा भारताबाहेर रानटी स्थितीत कोठेही नाही. तेव्हा हा संकर भारतभूमीवरच घडला असावा, हे अनुमान सहज निघते. कोंबडी माणसाळल्यानंतर एखाद्या रानालगतच्या वस्तीत तिची राख्याशी गाठ पडली असावी. आज जगातील अब्जावधी कोंबड्या त्या गाठीची खूण पायांवर वागवीत आहेत.

यामुळे डार्विन खोटा ठरत नाही. मूळ पुरुष तांबडाच. पुढील संशोधनानेही तेच दृढ केले आहे. परंतु जिला त्याने बंद मानले ती वाट केवळ अरुंद होती. पाचशे अंड्यांतून बारा पिले, हा हिशेब वर्षाचा मांडला तर नगण्य. सहस्रकांचा मांडला तर पुरेसा. जातींमधील कुंपण म्हणजे दगडी भिंत नव्हे. तो मातीचा बांध आहे, आणि बांधातून थोडे पाणी पाझरतेच.

आता हा पाझर उलट दिशेने वाढला आहे. रानाच्या कडेच्या गावांतील कोंबड्या मोकळ्या चरतात आणि रानकोंबडे त्यांच्यात मिसळतात. तांबड्या रानकोंबड्याच्या आजच्या आणि शतकापूर्वीच्या नमुन्यांची तुलना करणारे एक संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. आजच्या रानपाखरांत पाळीव रक्ताचा अंश एक पंचमांशापासून निम्म्यापर्यंत पोहोचल्याचे त्यात दिसून आले. एके काळी रानाने गावाला एक रंग दिला आणि गाव समृद्ध झाला. आज गाव रानाला जे देत आहे, त्याने रानाचे स्वतःचे धन विरळ होत चालले आहे. पाळीव कोंबडीला पुढे एखाद्या रोगाशी झुंजण्याचे बळ हवे झाले, तर ते शोधावे लागेल याच रानपाखरांत. म्हणून सालवनातून पहाटे उठणारी ती शेवटी तुटलेली बांग जपणे, हे खुराड्यातल्या कोंबडीच्याही हिताचे आहे.