सोळा आण्यांची जमीन आणि मोबाइलवरचा भाव

गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातल्या एका सौद्याला मी हजर होतो. नात्यातल्या एका काकूंना चार एकर वावर विकायचे होते. घरात कागद वाचणारे कोणी नव्हते, म्हणून मला बोलावणे आले. दलाल तरुण आणि गोड बोलणारा होता. चहा येण्याआधीच त्याने मोबाइल काकूंसमोर धरला. "पाहा काकू, मी नाही म्हनत, सरकारच म्हन्ते. तुमच्या गावचा भाव इतकाच हाये." पडद्यावर नोंदणी व मुद्रांक विभागाचे संकेतस्थळ होते. जिल्हा, तालुका, गाव आणि पुढे हेक्टरी एक आकडा. काकूंनी माझ्याकडे पाहिले. सरकारी आकडा समोर आला की कास्तकार घासाघीस करत नाही.

मला त्या आकड्याशेजारचा रकाना दिसला. तिथे लिहिले होते, 'जिरायत, आकारणी ० ते १.२५'. त्याखाली १.२६ ते २.५०, मग २.५१ ते ३.७५, अशा आणखी ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीला वेगळा दर होता. मी काकूंचा सातबारा मागितला. क्षेत्र १.६२ हेक्टर, आकार ७ रुपये २५ पैसे. भागाकार केला तर हेक्टरी ४ रुपये ४७ पैसे. म्हणजे काकूंचे वावर चौथ्या ओळीत बसत होते आणि दलाल पहिली ओळ दाखवत होता. त्याने मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही. त्या रकान्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता. आणि खरे सांगायचे तर, वीस वर्षे जुनी कागदपत्रे चाळूनही मलाही तो सरळ कळला नव्हता. सव्वा-सव्वा रुपयाचे पट्टे का? एक, दोन, तीन असे का नाहीत?

घरी येऊन आकडेमोड केली. एका हेक्टरात साधारण अडीच एकर. हेक्टरी सव्वा रुपया म्हणजे एकरी आठ आणे. अडीच रुपये म्हणजे एकरी एक रुपया, पावणेचार म्हणजे दीड. हा योगायोग नसावा. मोबाइलवरच्या त्या तक्त्याच्या पोटात एकर आणि आणे अजून जिवंत आहेत, असे माझे मत झाले. मग ते आणे आले कुठून, हे शोधायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आज ज्याला आपण यवतमाळ म्हणतो त्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. त्याच वर्षी पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला. १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमाबंदी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यात बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. वावराचे कागदावर चौकोन पाडायचे, जागोजागी खड्डा खणायचा, मातीचा रंग पाहायचा आणि खोली हाताने मोजायची. एकजिनसी काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर जमीन सोळा आण्यांची. खोली कमी होत गेली की चौदा, बारा, दहा असे आणे उतरत. मग दोष पाहायचे. चुनखडी आहे, वाळू आहे, उतार आहे, पुराचे पाणी वरून वाहते, तर प्रत्येक दोषाला एक पायरी खाली. गाव बाजारपेठेपासून किती दूर, पाऊस कसा, कास्तकारांची स्थिती कशी, यावरून गावांचे गट पाडून कमाल दर ठरत. कमाल दर आणि आणेवारी यांचा मेळ घातला की आकार निघे.

आजची मूल्यांकनाची संकेतस्थळे याहून निराळे काय करतात? ठिकाण, रस्ता, क्षेत्र, इमारतीचे वय यांना गुण द्यायचे, आजूबाजूचे दर घ्यायचे आणि गुणाकार करायचा. फरक इतकाच की प्रतबंदीचा कारकून खड्ड्यात उतरत असे.

त्या कारकुनाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. त्याला जमिनीची किंमत नको होती. त्याला सारा हवा होता, आणि तोही तीस वर्षांसाठी. शिवाय सगळे गाव त्याच्या खड्ड्यांनी मोजलेले नसे. पडीक जमिनीच्या १८६५ च्या नियमांखाली या जिल्ह्यात कितीतरी गावे इजाऱ्याने दिली गेली. आपल्याकडे गावाच्या नावापुढे 'इजारा' लागलेला दिसतो, तो त्या कारभाराची खूण.

पुढे सारा नाममात्र राहिला. काकूंचे सव्वासात रुपये आज एका कप चहाच्या किमतीत भागतात. पण आकार सातबाऱ्यावर टिकला, आणि १९९५ च्या मुंबई मुद्रांक नियमांनी बाजारमूल्य दरांचे वार्षिक तक्ते आले तेव्हा तोच आकार जमिनीचा कस सांगणारी तयार खूण म्हणून उपयोगी पडला. नगररचना व मूल्यनिर्धारण खाते हे दर काढते. त्यांचा हेतू पुन्हा एकदा किंमत सांगण्याचा नाही. दस्तात कमी रक्कम दाखवून मुद्रांक शुल्क बुडू नये, एवढाच आहे. दस्तातला मोबदला किंवा तक्त्यातले मूल्य, यांतले जे जास्त त्यावर शुल्क लागते. कारकुनाचा आकडा साऱ्यासाठी, या खात्याचा शुल्कासाठी. दलालाने मात्र तो सौद्याच्या बैठकीत भाव म्हणून ठेवला.

इथे मला स्वतःच्या घरचे सांगितले पाहिजे. वडिलांच्या आजारपणात, २०१३ साली, आम्ही दोन एकर विकले. मध्यस्थ म्हणाला, "दस्तात सरकारी भाव लिहू, उरलेले हातात." तेव्हा सगळेच तसे करत. शुल्क वाचले, आम्हीही काही बोललो नाही. दोन वर्षांनी रस्त्याच्या रुंदीकरणात आमच्या उरलेल्या वावराची पट्टी गेली. मोबदला ठरवताना आजूबाजूचे विक्रीदस्त काढले गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २६ सांगते की, मागच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या विक्रींपैकी वरच्या निम्म्या दस्तांची सरासरी घ्यायची, मुद्रांकाच्या तक्त्यातले मूल्यही पाहायचे आणि जास्त असेल ते धरायचे. त्या यादीत आमचाच दस्त होता, आमच्याच सहीचा, सरकारी भावाचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले. मग सांगायचे कोणाला? वडील तोवर नव्हते. आईने फक्त विचारले, "आपन लिहिलं होतं नं ते?"

तक्ता आणि किंमत एक नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले होते. तो खटला पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या महसूल अधिकाऱ्याविरुद्धचा, जवाजी नागनाथम यांचा. मुद्रांकासाठी केलेली मूल्यांकन नोंदवही संपादनाच्या भरपाईचा पाया होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. वीस वर्षांनी नव्या कायद्याने मुद्रांकाचे मूल्य एक किमान पातळी म्हणून परत आत घेतले. कास्तकाराला तेवढा आधार मिळाला. पण त्या आधाराखालचे दस्त आधीच तक्त्याला चिकटलेले असतील, तर वरची पातळी उंचावणार कशी? तक्ता दस्तांवर नजर ठेवतो, दस्त तक्त्याकडे पाहून लिहिले जातात.

खासगी संकेतस्थळांची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेत झिलो या कंपनीने २००६ पासून घरांच्या अंदाजी किमती लोकांसमोर मांडल्या. पुढे स्वतःच्या अंदाजांच्या भरवशावर घरे विकत घ्यायला निघाली, आणि २०२१ मध्ये भाव नीट वर्तवता येत नाहीत म्हणून तिला तो धंदा बंद करावा लागला. तिथे निदान विक्रीच्या नोंदींचा ढीग होता. दारव्ह्याच्या वावरासाठी असा अंदाज कशावर बांधणार?

मग दलालाने ही संकेतस्थळे वापरूच नयेत का? वापरावीत, पण एक नव्हे, तीन उघडावीत. सातबारा उघडून आकार काढावा, म्हणजे तक्त्यातली ओळ चुकणार नाही. नोंदणी विभागाच्या शोधसेवेत त्या गावचे 'सूची क्रमांक दोन' पाहावेत. तिथे 'मोबदला' आणि 'बाजारभाव' हे दोन रकाने एकाखाली एक असतात. ज्या दस्तात मोबदला बाजारभावापेक्षा ठळकपणे जास्त लिहिलेला आहे, तो बोलका. दोन्ही आकडे जुळलेले दस्त मी बाजूला ठेवतो. ते मुका घेऊन बसलेले असतात. आणि हे सगळे दोन्ही बाजूंसमोर उघडावे, एकाच्याच कानात सांगू नये. आपल्याकडे दलाल हा दोन्हीकडून दलाली घेतो, तेव्हा एवढे तर त्याच्याकडून मागता येईल.

काकूंच्या दलालाला मी हे सांगितले. वाद घालेल असे वाटले होते, पण त्याने पाकिटावर भागाकार करून पाहिला आणि म्हणाला, "हे मले कोनं शिकवलंच नाही, सर." मग आम्ही तिघे वावरात गेलो. धुऱ्याजवळ नव्या विहिरीचे खोदकाम अर्धवट पडले होते आणि कडेला मातीचा उभा काप दिसत होता. वर काळी, खाली पिवळसर मुरूम. मी खाली उतरून कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात लावला. एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा मुरूम लागला तेव्हा हात पाऊण बुडाला होता. "किती?" दलालाने वरून विचारले. "पावणेदोन," मी म्हणालो. त्याने ते मोबाइलमध्ये लिहून घेतले.

काकूंनी शेवटी विहिरीकडचे दोन एकर ठेवले. उरलेल्या दोन एकरांचा सौदा दिवाळीच्या आधी झाला आणि इसारपावतीवर जो भाव ठरला, तोच पुढे दस्तात लिहिला गेला.