४१ सामने, ४१ विजय: एका हंगामाचे कागद

मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाचा २०१२-१३ चा हंगाम अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, विक्रमांत तीन आकड्यांत नोंदवलेला आहे: ४१–०–०. पहिला आकडा विजयांचा, दुसरा पराभवांचा, तिसरा बरोबरीचा. महिलांच्या एनसीएए हॉकीत एकही सामना न हरता आणि एकही बरोबरीत न सोडता हंगाम पूर्ण करणारा हा पहिला संघ. पुरुषांमध्ये १९६९-७० साली कॉर्नेल विद्यापीठाने २९–०–० अशी कामगिरी केली होती.

या तीन आकड्यांमुळे हा संघ अजिंक्य होता, त्याला कुणी हात लावू शकले नाही, असे चित्र तयार झाले आहे. सामन्यांची पत्रके एकापुढे एक ठेवून वाचली की ते चित्र बदलते. हा हंगाम दोनदा मोडता मोडता वाचला, आणि दोन्ही वेळा अगदी शेवटी, राष्ट्रीय स्पर्धेत. मला हे जास्त मोलाचे वाटते. त्या मुलींनी काय केले, याची खरी किंमत तिथे कळते.

आधी बेरीज तपासू. डब्ल्यूसीएचए या त्यांच्या विभागीय लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी चार-चार सामने खेळे, दोन घरी आणि दोन परगावी. म्हणजे २८ सामने, त्यातले १४ प्रतिस्पर्ध्यांच्या बर्फावर. लीगच्या अखेरच्या स्पर्धेत पहिली फेरी तीनपैकी दोन सामन्यांची. ती दोनांतच संपली, मग उपांत्य आणि अंतिम, एकूण चार. राष्ट्रीय स्पर्धेत तीन. उरलेले सहा लीगबाहेरच्या संघांशी. २८, ४, ३ आणि ६ मिळून ४१ होतात. हे ताडून पाहणे एवढ्यासाठी की ‘घरच्या मैदानावरचे वाघ’ असा आक्षेप संपूर्ण हंगामावर घेता येत नाही.

तिसऱ्या शून्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तेव्हाच्या नियमांनुसार साखळी सामना ६० मिनिटांत निकाली निघाला नाही, तर पाच मिनिटे जादा वेळ मिळे. त्यातही निकाल लागला नाही की राष्ट्रीय नोंदीत तो सामना बरोबरीचा. पुढे शूटआउटमध्ये लीगचा एखादा गुण मिळाला तरी बरोबरी पुसली जात नसे. वर्षभरात बलाढ्य संघांच्याही खात्यात दोन-चार बरोबऱ्या जमतात. इथे एकही नाही.

आता खेळाडूंचे तक्ते. अमांडा केसलच्या नावापुढे ४६ गोल आणि ५५ सहाय्य आहेत, एकूण १०१ गुण. गोल करणारीला एक गुण आणि गोलाआधी पक, म्हणजे खेळाची चकती, हाताळून तिला वाट करून देणाऱ्या जास्तीत जास्त दोघींना प्रत्येकी एक, असा हा हिशेब असतो. नूरा रॅती ही फिनलंडहून आलेली गोलरक्षक. तिच्या नावापुढे ३८ विजय, शून्य पराभव आणि १७ सामने असे की ज्यांत प्रतिस्पर्ध्याला गोलच करता आला नाही. पहिल्या वर्षाला असलेल्या हॅना ब्रँडटचे ८२ गुण. बहुतेक लेखांत हे आकडे कौतुकासाठी येतात आणि तिथेच थांबतात. पण त्यांच्या शेजारचा, किती सामने खेळले हे सांगणारा रकाना पाहा. केसल ३७ सामने खेळली आणि संघ ४१. म्हणजे चार सामने तिच्याविना जिंकले. रॅतीचे विजय ३८, म्हणजे तीन विजय दुसऱ्या गोलरक्षकाच्या खात्यावर. ज्या दोघींमुळे हा संघ ओळखला जातो त्या नसतानाही निकाल तोच आला.

सामन्याचे पत्रक काय नोंदवते आणि काय नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. गोल कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, कुणी केला, सहाय्य कुणाचे, तेव्हा समोरच्या संघाची एखादी खेळाडू शिक्षेच्या बाकावर होती का, कोणत्या सत्रात किती फटके गोलवर गेले, गोलरक्षकाने किती अडवले, हे सगळे त्यात असते. फटका मारण्याआधीच प्रतिस्पर्ध्याच्या काठीवरून पक काढून घेणारी बचावपटू मात्र कागदावर उमटत नाही. म्हणून एका वेगळ्या नोंदीचा आधार घ्यावा लागतो. महाविद्यालयीन महिला हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला पॅटी काझमायर पुरस्कार दिला जातो. पॅटी काझमायर ही प्रिन्स्टन विद्यापीठाची खेळाडू १९९० साली, अवघ्या २८ व्या वर्षी, रक्ताच्या दुर्मीळ आजाराने गेली. तिच्या नावाने हा पुरस्कार १९९८ पासून आहे. २०१३ मध्ये अंतिम तीन नावे होती केसल, रॅती आणि बचावपटू मेगन बोझेक. तिघीही मिनेसोटाच्या. एकाच विद्यापीठाच्या तिघी अंतिम यादीत येण्याची ती पहिलीच वेळ. पुरस्कार केसलला मिळाला, पण गुणतक्त्यात मागे राहणारी बचावपटूही निवड समितीला तितकीच दिसली होती, हे त्या यादीवरून कळते.

मार्चमधली पत्रके मात्र सावकाश वाचावी लागतात.

लीगच्या अंतिम सामन्यात मिनेसोटाने नॉर्थ डकोटाला २–० असे हरवले. राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा आठ संघ असत, आणि उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा नॉर्थ डकोटाच समोर आला. साखळीत चार, लीगच्या अंतिम फेरीत एक आणि आता हा सहावा सामना. एका हंगामात सहा वेळा भिडलेल्या संघांना एकमेकांची प्रत्येक चाल तोंडपाठ असते. शिवाय नॉर्थ डकोटाकडे मोनिक आणि जोसेलिन लॅमरू या जुळ्या बहिणी होत्या. त्या मूळच्या नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या. महाविद्यालयाचे पहिले वर्ष, २००८-०९, त्या मिनेसोटाकडूनच खेळल्या होत्या आणि नंतर आपल्या गावच्या विद्यापीठात परतल्या. २०१२-१३ हे त्यांचे शेवटचे वर्ष होते. हा सामना हरल्या की महाविद्यालयीन हॉकी संपली.

१६ मार्च २०१३. साठ मिनिटांनंतर २–२. बाद फेरीत पाच मिनिटांचा नियम नसतो. वीस-वीस मिनिटांची पूर्ण सत्रे खेळवतात आणि पहिला गोल झाला की सामना तिथेच संपतो. प्रत्येक सत्राआधी बर्फ पुन्हा गुळगुळीत करतात. पहिले जादा सत्र कोरे गेले, दुसरेही गेले. म्हणजे १०० मिनिटांचा खेळ झाला होता. आइस हॉकीत बाकीच्या खेळाडू मिनिटाभराच्या आतच बदलतात, बाकावर बसून दम घेतात आणि पुन्हा उतरतात. गोलरक्षक बदलत नाही. रॅती आणि समोरची गोलरक्षक, दोघी डोक्यापासून पायापर्यंतच्या जाड संरक्षक पोशाखात तो सगळा वेळ आपापल्या जाळ्यापुढे उभ्या होत्या. तिसऱ्या जादा सत्रात केली टेरी या कॅनडाच्या मुलीने गोल केला. मिनेसोटा ३, नॉर्थ डकोटा २.

या सामन्याच्या पत्रकात नॉर्थ डकोटाच्या ओळीत साठ मिनिटांनंतर शून्यांची रांग आहे. त्या रांगेतल्या एका ठिकाणी एक हा आकडा पडला असता, तर विक्रमपुस्तकात ३८–१–० असे आले असते आणि आज या हंगामाबद्दल कुणी लिहिलेही नसते. जादा वेळेत नॉर्थ डकोटाने गोलवर मारलेला प्रत्येक फटका हंगामाचा शेवटचा फटका ठरू शकत होता, आणि रॅतीने तो प्रत्येक अडवला. ४१ पैकी सर्वांत मोठा विजय माझ्या मते हाच, अंतिम सामन्याहूनही मोठा.

सहा दिवसांनी, २२ मार्चला, उपांत्य सामन्यात बोस्टन कॉलेज समोर. पुन्हा २–२, पुन्हा जादा वेळ. या वेळी निकाल लवकर लागला. गोल बोझेकचा, पुन्हा ३–२. दुसऱ्या दिवशी काझमायर पुरस्काराची घोषणा झाली आणि २४ मार्चला बोस्टन विद्यापीठाशी अंतिम सामना. त्या संघात मारी-फिलिप पूलँ होती. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाचे दोन्ही गोल तिने केले, तेव्हा ती १८ वर्षांची होती. मिनेसोटाने तो सामना ६–३ असा जिंकला. धावफलकावर हा विजय सगळ्यांत सोपा दिसतो, पण उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामन्यांच्या पत्रकांशेजारी ठेवला तरच तो नीट समजतो.

एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. राष्ट्रीय स्पर्धेतले हे तिन्ही सामने मिनीॲपोलिसच्या रिडर अरीनामध्ये, म्हणजे मिनेसोटाच्या घरच्या बर्फावर झाले. उपांत्यपूर्व सामना मानांकनामुळे घरी मिळतो, आणि त्या वर्षीच्या अखेरच्या फेऱ्यांचे ठिकाण तेच ठरलेले होते. याचा फायदा झाला असणार. पण ते घर कसे उभे राहिले, हेही कागदांवरच आहे, आणि ते कागद हंगामाच्या कितीतरी आधीचे आहेत.

रिडर अरीना २००२ साली उघडले. सुमारे ३,४०० प्रेक्षकांचे हे सभागृह महिला हॉकीसाठी म्हणून बांधलेले अमेरिकेतले पहिले महाविद्यालयीन अरीना होते. महिलांच्या खेळांसाठी झटणाऱ्या कॅथलीन रिडर आणि त्यांचे पती रॉबर्ट यांच्या देणगीमुळे त्याला हे नाव मिळाले. महिला हॉकीला विद्यापीठाने अधिकृत संघाचा दर्जा दिला तो १९९७ मध्ये. त्याआधी, १९९४ मध्ये, मुलींच्या हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता देणारे मिनेसोटा हे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. आणि त्याही आधी १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, ज्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करण्यास मनाई केली. या संघातली हॅना ब्रँडट नोव्हेंबर १९९३ ची, ली स्टेकलाइन १९९४ ची. दोघी मिनेसोटाच्याच. त्या स्केट बांधायला शिकल्या तेव्हा शाळेत मुलींचा हॉकी संघ असणे ही रीतसर गोष्ट झाली होती. प्रशिक्षक ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २००७ मध्ये लॉरा हॅल्डरसन यांच्याकडून संघ हाती घेतला तो या भरल्या शेतावर. ४१ विजयांचे श्रेय वाटताना हे ठराव, हा कायदा आणि ही देणगी यांना वगळणे अन्यायाचे होईल.

सलग विजयांची मालिका हंगामासोबत संपली नाही. आधीच्या हंगामाच्या शेवटचे आठ, हे ४१ आणि पुढच्या हंगामातले १३ मिळून ६२ सलग विजय झाले. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी ती तुटली, २–० अशी. तोडणारा संघ होता नॉर्थ डकोटा.

त्या संघाचे पुढे काय झाले, हे या हंगामाच्या इतिहासात आलेच पाहिजे, कारण मिनेसोटाचा विक्रम किती मोठा हे ठरवणारे निम्मे पुरावे नॉर्थ डकोटाच्या रकान्यात आहेत. मार्च २०१७ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने खर्चकपातीचे कारण देऊन महिला हॉकी संघ बंद केला. १९७२ पासून जे मिळत गेले ते एका अंदाजपत्रकात काढूनही घेता येते, हे त्या निर्णयाने दाखवले. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता.

२२ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातल्या गँगन्यूंगमध्ये ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. अमेरिकेचा बरोबरीचा गोल मोनिक लॅमरूचा. सामना शूटआउटमध्ये गेला. तिथे अमांडा केसलने गोल करून अमेरिकेला जिवंत ठेवले आणि त्यानंतर जोसेलिन लॅमरूच्या गोलाने सुवर्णपदक मिळाले. त्या दिवशी दोघी बहिणींच्या विद्यापीठातला महिला हॉकी संघ बंद होऊन जवळपास अकरा महिने झाले होते.