गूंचची वंशावळ

गूंच हा खळाळत्या पाण्याचा मासा आहे. जाड, चिवट कातडीचा, मिशाळ आणि बसक्या पोटाचा हा मासा तळाच्या धोंड्यांना चिकटून प्रवाहाला तोंड देतो. नदीकाठच्या लोकांना तो पिढ्यानपिढ्या ठाऊक असला, तरी ग्रंथातली त्याची जन्मनोंद शोधायला आपल्याला १८२२ च्या एडिंबरोत जावे लागते. कंपनीच्या चाकरीतला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा आपला ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध केला. १८१५ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याची चित्रे गव्हर्नर जनरलने कलकत्त्यातच ठेवून घेतली होती. तरीही ग्रंथ निघाला, ही चिकाटीच म्हणायची. त्यात त्याने या माशाला ‘पिमेलोडस बॅगॅरियस’ म्हटले. पिमेलोडस हे तेव्हा कोणताही मिशाळ मासा टाकायचे गाठोडे होते. आज ते नाव दक्षिण अमेरिकेतील माशांपुरते उरले आहे.

आता आपण पुण्यात येऊ. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. १८२४ मध्ये मुंबई सरकारने कर्नल साइक्स याला दख्खनची मोजदाद करायला नेमले. गावे, पिके, पाऊस यांच्या जोडीने त्याने पक्षी टिपले आणि मासेही. मुळा-मुठेत मिळालेल्या गूंचला त्याने १८३९ मध्ये ‘बॅग्रस यारेली’ हे नाव दिले. नुक्ता, कोळस अशा कितीतरी माशांची इथलीच नावे त्याने शास्त्रात नेली. मात्र हा दांडगा मासा लंडनमध्ये वर्तमानपत्रांची एजन्सी चालवणाऱ्या विल्यम यारेल या निसर्गअभ्यासकाला अर्पण केला. ही निवड मला अजूनही खटकते.

पुढचा टप्पा बटाव्हियाचा. तिथला डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर याने १८५३ मध्ये हॅमिल्टनने दिलेले जातीचे नाव उचलून त्याचेच कुल केले आणि ‘बॅगॅरियस’ स्वतंत्र झाले. त्यानंतर शतकभर लहानमोठे सगळे गूंच बहुधा एकाच जातीत जमा होत राहिले. टायसन रॉबर्ट्स याने १९८३ मध्ये ही गुंतागुंत सोडवली. हॅमिल्टनचा मासा जेमतेम वीतभर वाढणारा ठरला, मेकाँगमधून ‘सुचस’ ही नवी जात पुढे आली आणि माणसाएवढ्या महाकाय गूंचला साइक्सने दिलेले नाव परत मिळाले.

भारत-नेपाळ सीमेवरच्या काली नदीतला ‘नरभक्षक’ म्हणून जेरेमी वेड याने टीव्हीवर गाजवला तो हाच. आरोपाला पुरावा तुटपुंजा आहे. पण आरोपीचा शास्त्रातला मूळ पत्ता मात्र पुण्याचा!